अमळनेरच्या आप्पांना

आप्पा, साष्टांग नमस्कार.

हे पत्र नुसतं तुमच्या हातात न देता सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही केलेलं काम बाहेरून दिसतच नाही. गिटारच्या अँप्लिफायरची पेटी वरून होती तशीच आहे, रेक्झिन घासलेलं, कोपरे ठेचलेले. मागची फळी काढली की मगच कळतं.

आबा भुसावळला रेल्वेत होते. ऑस्ट्रेलियाला निघालेल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरकडून त्यांनी गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारा हा अँप्लिफायर, व्हॉक्स एसी 15, विकत घेतला. 1991च्या गणपतीत तो शेवटचा वाजला आणि माळ्यावर गेला. मी तो खाली काढला आणि आधी दुसरीकडेच नेला. तिथे म्हणाले, आतलं सगळं काढून ट्रान्झिस्टरचा बोर्ड टाकू, चार दिवसांत वाजेल. मी हो म्हणायच्या बेतात होते. आबांच्या एका मित्राने तुमच्याकडे जायला सांगितलं, म्हणून पेटी गाडीत घालून अमळनेरला आले.

तुम्ही जन्मभर रेडिओ आणि लग्नाजत्रांचे लाउडस्पीकर दुरुस्त केलेत. गिटारचा अँप्लिफायर कधी उघडला नव्हता. आत टॉर्च मारलात आणि म्हणालात, "व माय, हाऊ ते आपला रेडिओना व्हॉल्व शे!" काचेच्या नळीसारखा तो व्हॉल्व्ह म्हणजे ईएल 84. इंग्लंडात 1958च्या सुमारास आलेल्या या अँप्लिफायरच्या आउटपुटला त्याची जोडी लागते, आणि आपल्याकडच्या कितीतरी घरगुती रेडिओंत तोच एकटा असायचा. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे आठ तुमच्या बिस्किटाच्या डब्यात, कागदात गुंडाळलेले निघाले. आठही लावून प्रत्येकाचा करंट मोजलात आणि त्यातले जवळजवळ सारखे भरणारे दोन निवडलेत. त्यात अख्खी दुपार गेली.

पण मला जास्त आठवतो तो पहिला दिवस. मी प्लग लावायला गेले आणि तुम्ही तो माझ्या हातातून काढून घेतलात. तीस वर्षं वीज न लागलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधला, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागातला, वीज अडवणारा थर विरलेला असतो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की तो शॉर्ट होतो आणि जाताना एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर, वेळ आली तर ट्रान्स्फॉर्मरही घेऊन जातो. कंडेन्सर बाजारात मिळतो, तो ट्रान्स्फॉर्मर कुठून आणायचा? आधी कंडेन्सर बदललेत, मग व्हॉल्व्ह काढून ठेवून सिरीज बल्बवर, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडून, वीज दिलीत; आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो. बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला, तेव्हा कुठे तुम्ही चहा मागवलात.

प्लग काढल्यावरही आत 300 व्होल्टच्या वर साठलेले राहू शकतात, हे मला ठाऊकच नव्हतं. रेझिस्टर लावून ते उतरवायचं, मीटरवर शून्य बघायचं, मगच बोट घालायचं. "एक हात खिसामा ठेव," हे तुम्ही दर वेळी म्हणायचात. म्हणजे चुकून झटका बसलाच तर तो एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून जाणार नाही. अजूनही फळी काढताना डावा हात आपोआप ओढणीत जातो.

पहिल्यांदा व्हॉल्व्ह लावले तेव्हा एकाच्या आतली धातूची प्लेट तापून लाल व्हायला लागली. तुम्ही बटण बंद केलंत आणि व्हॉल्व्हला दोष दिला नाहीत. त्याच्या अलीकडचा कंडेन्सर अडवायचा तो डीसी करंट गळू देत होता, तेवढा एक बदललात. बाकीचे मोजून बरे निघाले, म्हणून त्यांना हात लावला नाहीत. सगळंच बदलून टाका असा माझा आग्रह होता. तो तुम्ही मोडलात, याबद्दल वेगळे आभार.

स्पीकरचंही तसंच. सेलेस्टियन कंपनीचा 12 इंची निळा स्पीकर, त्याचा कागदी कोन बोटभर फाटलेला. नवा कोन बसवला असता तर आवाज बदलला असता. तुम्ही पातळ कागदाची पट्टी आणि पाणी घातलेला फेविकॉल वापरून तो सांधलात. पेटीची वाळवीने खाल्लेली खालची फळी सुताराकडून बदलून घेतलीत. घरच्या विजेच्या व्होल्टेजप्रमाणे लावायचा मागचा व्होल्टेज सिलेक्टर 225 वर होता, आमच्या घरी 243 येतात कळल्यावर तो 245 वर फिरवलात.

आबांची बोटं आता कॉर्ड धरत नाहीत. त्यांनी नुसती जाड तार छेडली, थोडं थांबले, आणि मला न विचारता व्हॉल्यूमचं बटण अर्ध्याच्या पुढे नेलं.

तुम्ही पैसे फक्त सामानाचे घेतलेत. पेटीच्या आत तुमच्या अक्षरातला कागद चिकटवलेला आहे, तारीख आणि कुठे किती व्होल्ट ते. त्याखालची दुसरी ओळ मी या महिन्यात स्वतः मोजून लिहिली. उन्हाळ्याआधी आबांना घेऊन येते, आकडे तपासून द्या. कळण्याची भाकरी आणि भरीत घरून आणतोय, काकूंना रांधू देऊ नका.

तुमची,
भुसावळची पोर