काचेची पट्टी

महाल, नागपूर
मृगाची पहिली सर आली त्या रात्री

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. लेक आर्किटेक्ट होणार इथवर तू खूश होतास. जुन्या इमारती वाचवायचं काम करीन म्हणाली आणि तुझी झोप उडाली. ‘तू इतकी वर्षं हेच करून राहिला, तुला काय मिळालं ते खरं सांग,’ असं लिहिलंस. सांगतो.

पैसा कमी. पहिली दहा वर्षं आमचं घर हिच्या शाळेच्या पगारावर चाललं. हे तिला आधीच सांगून ठेव.

बाकीचं सांगायचं तर माझ्या एका चुकीपासून सुरुवात करावी लागेल. तिसऱ्याच वर्षी इथल्याच एका वाड्याचं काम आलं. चौकाच्या उत्तरेकडची भिंत ओल धरायची, पोपडे पडायचे. मालकांना दिवाळीच्या आत काम हवं होतं. मी चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा करवून घेतला. सगळ्यांनी वाहवा केली. चुन्याची भिंत जमिनीतून चढलेली ओल हवेत सोडून देते. सिमेंटने ती वाटच बुजवली. ओल आत कोंडली, लोणा म्हणजे भिंतीतला क्षार फुटला, आणि चौथ्या पावसाळ्यानंतर गिलावा ठोकून काढला तर मागच्या विटांचा भुगा हातात आला. पिढ्यान्‌पिढ्या उभी असलेली भिंत मी चार वर्षांत नासवली. त्या रात्री मी जेवलो नाही.

ती परत बांधायला एक म्हातारे गवंडी मिळाले. त्यांनी चुना आठवडेच्या आठवडे पाण्यात मुरू दिला, वाळू आणि सुर्खी म्हणजे विटांची भुकटी घालून घाण्यात मळला, बेलफळाचं आणि गुळाचं पाणी घातलं. किती दिवस लागतील म्हटलं की उत्तर एकच, ‘‘साहेब, चुन्याले घाई चालत नाही.’’ चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत पुन्हा दगड होत जातो, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. कळलं मात्र त्यांच्याजवळ बसल्यावर.

तेव्हापासून तडा दिसला की मी आधी त्यावर काचेची पातळ पट्टी चिकटवतो आणि तारीख लिहितो. भिंत सरकली तर काच तडकते. आपल्याकडची काळी माती तुला ठाऊकच आहे, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. काही तडे मे महिन्यात उघडतात आणि श्रावणात मिटतात. ते ऋतूचे तडे. असा तडा पाहून कोणी वाडा पाडायला सांगितला की माझा जीव तुटतो. सगळे ऋतू पाहिल्याशिवाय मी आता मत देत नाही. यामुळे कामं हातची गेली आहेत.

हायकोर्टावरून जाताना मी अजूनही गाडी हळू करतो. हेन्री मेडने आखलेली ती इमारत १९४० साली उघडली. रेल्वे स्टेशनचा सावनेरचा दगड १९२५ पासून आपलं ऊन खातो आहे. पण त्यांच्या पाठीशी सरकार आहे. वाड्यांच्या पाठीशी फक्त वारस, आणि वारस अकरा असले की सह्या जमत नाहीत. मी पाहिलेले बहुतेक वाडे पावसाने नाही, वाटणीने पडले. सागवानी खांब तेवढे जुन्या फर्निचरवाल्याकडे गेले. एका घरात मात्र तीन भाऊ एकत्र बसले, प्रत्येकाने थोडे थोडे पैसे घातले आणि आम्ही कुजलेल्या दोन तुळया बदलल्या, बाकीचं माळवद तसंच ठेवलं. आज त्या ओसरीवर त्यांची नातवंडं अभ्यास करतात. मला काय मिळालं विचारतोस, तर हे.

तेव्हा तिला अडवू नको आणि आताच हो पण म्हणू नको. ऑगस्टमध्ये माझ्याकडे पाठव. पाणी कुठून उतरतं ते पावसातच दिसतं. शिडी, टॉर्च, टेप माझ्याकडे आहे; बूट तेवढे जाड तळव्याचे आणायला सांग. राहायची सोय आमच्याकडेच, ही आत्तापासून तिची खोली आवरते आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
महालातला मित्र