चुंबळीवरची कवटी

काका,

तुमच्या नावाआधी ना प्राध्यापक लागतं, ना डॉक्टर. लॅबच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या माणसाचे आभार कुणी जाहीर मानत नाही, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

शारीरिक मानवशास्त्राच्या पेपरात मी दोनदा आपटले. होमिनिड आणि होमिनिन यांत फरक काय, असं विचारलं तर सर म्हणाले, "व्याख्या दिलीय ना? पाठ करा." केली. सेफॅलिक इंडेक्स म्हणजे डोक्याची रुंदी भागिले लांबी गुणिले 100, हे मी झोपेतही म्हटलं असतं; मोजमापाचा चिमटा, म्हणजे कॅलिपर, कुठे टेकवायचा ते मात्र कुणी दाखवलं नव्हतं. (तुम्ही माझ्याच डोक्याला लावलात. 79 आला. ना लांबट, ना रुंद, मधलं डोकं.)

त्या संध्याकाळी मी कवटी उचलली ती डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून. तुम्ही ओरडला नाहीत. टेबलावर कापडाची चुंबळ ठेवलीत आणि म्हणालात, "दोन्ही हातांनी, बाळा. कुणाचं तरी डोकं आहे ते." चुंबळ डोक्यावर घेतात एवढंच मला ठाऊक होतं. डोक्याखाली ठेवलेली पहिल्यांदा पाहिली.

मग कवटी उलटी करून माझं बोट तळाच्या मोठ्या भोकाच्या कडेवर नेलंत. फोरामेन मॅग्नम. शेजारी चिंपांझीच्या कवटीची प्लास्टरची प्रतिकृती (तिलाही वेगळी चुंबळ!). तिच्यावर भोक शोधताना बोट आपसूक मागे सरकलं. आपला कणा खालून येतो, डोकं त्याच्यावर तोललेलं असतं; चिंपांझीचं भोक मागच्या बाजूला. 1924 साली दक्षिण आफ्रिकेत टाउंगला मिळालेली लहान मुलाची कवटी शरीररचनेचे अभ्यासक रेमंड डार्ट यांना का वेगळी वाटली, ते तेव्हा कळलं. मेंदू वानराएवढा, पण भोक पुढे. म्हणजे दोन पायांवर चालणं आधी, मोठा मेंदू नंतर. 1974 मध्ये इथिओपियात सापडलेल्या, सुमारे 32 लाख वर्षांपूर्वीच्या ल्युसी नावाच्या सांगाड्याचे गुडघे आणि कंबरही तेच सांगतात. त्या ओघात होमिनिनही सुटला. चिंपांझीपासून वेगळी झाल्यानंतरची आपली फांदी तेवढी होमिनिन. ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी धरून सगळा गोतावळा होमिनिड. दोन वाक्यांचं काम होतं हो! दोन वर्षं गेली माझी.

सहाला लागणारं कुलूप तुम्ही त्या दिवशी साडेसातला लावलंत. ज्याला कुणा अनोळखी मेलेल्या माणसाच्या डोक्याखाली कापड सारावंसं वाटतं, तो नापास पोरीला घालूनपाडून बोलणार नाहीच म्हणा. असल्या भलेपणाला गुण नसतात आणि पगारवाढही नसते.

पेपर सुटला. तुमची चुंबळ उसवत आली होती, म्हणून माझ्या जुन्या ओढणीची एक शिवली आहे. कपाटात डावीकडे, वरच्या कप्प्यात ठेवली आहे. चिंपांझीची जुनीच चालेल.