दादा, निंबाला हात लावू नकोस

सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया
रविवार, मार्चचा पहिला आठवडा

प्रिय दादा आणि वहिनी,

सप्रेम नमस्कार. ती. आप्पांना आणि आईला माझा साष्टांग नमस्कार सांग.

पाकीट पाहून हसशील. रोज व्हिडिओ कॉल होतो, मग हे कशाला? पण व्हॉट्सअ‍ॅपवर मी तीन ओळींच्या पुढे गेले की तू अंगठा दाखवून मोकळा होतोस. शिवाय हे आप्पांना वाचून दाखवायचं आहे, आणि मोबाइलवरचं आप्पा काही खरं मानत नाहीत.

तू पाठवलेलं फैजपूरच्या नव्या घराच्या अंगणाचं ड्रॉइंग मी मोठं करकरून पाहिलं. समोर तीस बाय वीसची हिरवळ, बाकी सगळीकडे पेव्हर ब्लॉक, गेटच्या दोन्ही बाजूंना बॉटल पाम. आणि पश्चिमेच्या कोपऱ्यात, जिथे निंब उभा आहे, तिथे लाल फुली. लँडस्केपवाल्याचा हात सुबक आहे, खोटं का बोलू. पण ते चित्र पाहून मला आमचंच अंगण दिसलं, हे घर घेतलं तेव्हाचं. तेच उखडायला आम्ही दोन हिवाळे घालवले.

तेव्हा इथे समोर फेस्क्यू नावाच्या गवताची हिरवळ होती. दिसायला गालिचा. जून ते सप्टेंबर इथे पावसाचा थेंब जवळजवळ नाहीच, आणि ऊन म्हणशील तर 6 सप्टेंबर 2022ला सॅक्रामेंटोत 116 फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ 47 अंश झालं होतं. त्या दिवशी तुमच्या जावयांनी विचारलं, "तुमच्या भुसावळला असंच असतं का?" म्हटलं, असंच, फक्त तिथे त्या उन्हात कुणी गवत पाळत नाही. पाणी द्यायचे वारसुद्धा इथे घराच्या नंबरावर ठरलेले, उन्हाळ्यात आठवड्याला दोनच दिवस. सम नंबराचा वार वेगळा, विषमचा वेगळा. आपल्याकडच्या लाइटच्या वेळापत्रकासारखंच.

आता तुझा हिशेब करू. सहाशे चौरस फूट म्हणजे छप्पन्न चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मे महिन्यात खान्देशच्या उन्हात हिरवळ हिरवी ठेवायची तर दिवसाला सहा मिलिमीटर तरी हवं. म्हणजे रोज सव्वातीनशे लिटरच्या वर. आता आप्पांना विचार, मे महिन्यात घडावर आलेल्या केळीला ठिबकने किती सोडता? वीस-बावीस लिटर म्हणतील. म्हणजे तुझ्या गालिच्यात रोज पंधरा केळींचं पाणी मुरणार, आणि त्याला घड लागणार नाही! बोअर दर दोन वर्षांनी आणखी खाली न्यावी लागते हे मला तूच सांगतोस ना?

हे सगळं मला एकटीला सुचलेलं नाही. आमच्या गल्लीत सहा-सात घरांची एक सवयच पडली आहे. शनिवारी सकाळी कॉफीचे कप हातात घेऊन सगळे एकेका अंगणात जातात, काय जगलं, काय मेलं ते बघतात, आणि न विचारता सल्ले देतात. अगदी आपल्याकडे शेजारच्या शेताच्या बांधावर उभं राहून लोक "काय भो, युरिया जास्त झाला वाटतं" म्हणतात, तसंच.

समोर एक मेक्सिकन मावशी आहेत. त्यांचं कुंपणच खायच्या निवडुंगाचं आहे, काटे काढून त्याची भाजी करतात. त्यांच्या पलीकडे एक व्हिएतनामी जोडपं. पश्चिमेच्या भिंतीवर तारेची जाळी लावून त्यावर त्यांनी वेल चढवला होता. पहिल्यांदा पाहिलं आणि मी ओरडलेच, अहो, ही तर गिलकी! भिंत सावलीत आणि गिलकी ताटात. त्यांना मी भजी करून खाऊ घातली, तेव्हापासून ऑगस्टमध्ये दाराशी पिशवी टांगलेली असते.

कोपऱ्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांनी मला पहिल्या वर्षी काहीच लावू दिलं नाही म्हण ना. म्हणाले, आधी सावल्या मोज. 21 जूनला आणि 21 डिसेंबरला सकाळ-दुपार-संध्याकाळ घराची सावली कुठवर जाते तिथे खुंट्या ठोकायच्या. मला तो रिकामटेकडेपणा वाटला. डिसेंबरच्या खुंट्या ठोकल्यावर कळलं की मी जिथे लिंबू लावणार होते तिथे अख्खा हिवाळा ऊनच येत नाही. तुमचं गणित वेगळं निघेल. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात फैजपूरला भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, खांबाला सावली राहत नाही. तिथे घराला छळतं ते दुपारी तीननंतरचं, पश्चिमेचं तिरपं ऊन. आणि तेच तुझा निंब अडवतोय.

हे मी माहेरच्या मायेने बोलत नाही. इथली वीज कंपनी 1990 पासून लोकांना सावलीची झाडं फुकट देते. माणूस घरी येऊन कुठली भिंत तापते ते बघतो आणि झाड कुठे लावायचं ते सांगतो. वीज विकणारे झाडं वाटतात, कारण भिंत सावलीत राहिली की एसी कमी चालतो आणि भर उन्हाळ्यातल्या संध्याकाळी त्यांच्यावरचा ताण कमी होतो. आम्हालाही एक रोप मिळालं. चार वर्षांत ते माझ्या खांद्याच्या जरा वर आलंय. त्याची सावली भिंतीवर पडायला अजून दहा वर्षं. तुझा निंब आजोबांनी लावलेला, आणि तू त्याच्यावर फुली मारून त्या जागी बॉटल पाम आणतोस! बॉटल पामच्या सावलीत मांजर तरी बसेल का?

निंबाखाली हिरवळ येणार नाही म्हणून तो नको, असं तुझा लँडस्केपवाला म्हणाला ना? बरोबर आहे, येणार नाही. मग हिरवळच नको.

आता माझी फजिती सांगते, वहिनींना वाचून दाखव. आमची हिरवळ काढायची ठरली तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगितलं, मी केळीवाल्यांची मुलगी आहे, लागवडीचं मला शिकवू नका. आणि मृग लागला की लागवड, या हिशेबाने 7 जूनला सतरा रोपं लावली. पंधरा दिवसांत चौदा वाळली. इथे जून म्हणजे उन्हाळ्याची सुरुवात, पाऊस येतो तो नोव्हेंबर ते मार्च. मास्तर काही बोलले नाहीत, फक्त ऑक्टोबरमध्ये तीन रोपं घेऊन आले आणि म्हणाले, आता लाव. तेव्हा डोक्यात उजेड पडला: इथे मृगबाग, म्हणजे केळीची जूनमधली लागवड, नाहीच; इथे कांदेबाग, ऑक्टोबरमधली! आप्पांना हे सांग, खूप हसतील.

खड्डे खणतानाही तसंच झालं. दीड फुटावर पहार टणकन वाजली. वाटलं पाइप लागला. माती झाडून पाहिलं तर विटेच्या रंगाचा, सिमेंटसारखा घट्ट थर. इथल्या बऱ्याच जमिनीत तो असतो, हार्डपॅन म्हणतात. त्याच्यावर पाणी बशीतल्यासारखं साचतं आणि मुळं सडतात. मास्तरांनी युक्ती सांगितली: खड्डा पाण्याने भरायचा, जिरू द्यायचा, पुन्हा भरायचा आणि घड्याळ लावून बसायचं. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसंच दिसलं तर ती जागा सोडायची, नाहीतर मातीचा उंचवटा करून त्यावर लावायचं. आम्ही दोन लांबट वरंबे केले आणि मधे उथळ चर काढला. छताच्या पन्हळीचं पाणी आता त्या चरात उतरतं. तुझ्याकडे काळी माती आणि खाली मुरूम, तुला पहार लागणार नाही. पण चर तू जरूर कर. हजार चौरस फुटांची गच्ची आणि वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला तरी पासष्ट हजार लिटर पाणी होतं. पेव्हर ब्लॉक लावलेस तर ते सगळं गेटमधून रस्त्यावर जाईल आणि जाताना तुझ्या शेजाऱ्याशी भांडण लावून जाईल.

हिरवळ मारायची इथली रीत तुला आवडेल. गवत अगदी खुरटं कापायचं, भिजवायचं, वर खोक्यांचे पुठ्ठे एकावर एक चढवून पसरायचे आणि त्यावर चार बोटं जाडीचा लाकडाच्या ढलप्यांचा थर. झाडं छाटणारे ट्रकभर ढलप्या फुकट टाकून जातात. पुठ्ठ्यावरची चिकटपट्टी मात्र आधी काढावी लागते. मी आणि लेक एक अख्खा रविवार ओट्यावर बसून पट्ट्या सोलत होतो, नखं दुखेपर्यंत. फेब्रुवारीत एक कोपरा उचलून पाहिला तर पुठ्ठा ओल्या पापडासारखा फाटला आणि खाली गांडुळंच गांडुळं. लेक म्हणाली, "आई, नूडल्स!"

एक गवत मात्र त्या पुठ्ठ्यालाही दाद देत नाही. बर्म्युडा ग्रास. सगळी गल्ली त्याच्या नावाने बोटं मोडते. कुणी म्हणे प्लास्टिक अंथरून उन्हात भाज, कुणी म्हणे औषध मार. मी वाकून एक तुरा तोडून पाहिला, तीन पाती. अरे, ही तर आपली हरळी! मग मी त्यांना आप्पांचा उपाय सांगितला: पाणी तोडा, उन्हाळ्यात खोल खणून काश्या, म्हणजे तिच्या जमिनीतल्या जाड मुळ्या, वर काढा आणि उन्हात वाळू द्या. नांगरट म्हणजे काय ते हातवारे करून समजावलं. मास्तरांनी दोन महिने तसं केलं, आणि पुढच्या शनिवारच्या फेऱ्यांत माझा भाव वधारला. एक कोपरा मात्र मी त्यांना राखायला लावलाय. गणपतीत एकवीस दुर्वा मी कुठून आणू?

आता आमच्या समोर हिरवळ नाही. वरंब्यांवर डिअर ग्रास नावाच्या इथल्याच गवताची ठोंबं आहेत. उत्तरेचा कोरडा गरम वारा सुटला की तीच अडवतात; केळीच्या बागेभोवती आपण शेवरी किंवा गजराज लावतो, तसं. मधे पॉपी आहे, कॅलिफोर्नियाचं राज्यफूल. बी एकदा फेकलं, आता आपोआप उगवतं आणि या आठवड्यात नारिंगी होऊन बसलंय. संध्याकाळी मिटतं, सकाळी दहाला उघडतं, सरकारी ऑफिससारखं. कपडे धुण्याच्या मशीनचं पाणी पाइपने डाळिंबाला आणि अंजिराला जातं. कॅलिफोर्नियात 2009पासून त्याला परवानगीची कटकट नाही. इथल्या लोकांना ही फार नवी गोष्ट वाटते. मला जुन्या घराची मोरी आठवते. त्या पाण्यावर अळू किती माजायचा, आणि आई साबणाचं पाणी निराळं टाकायची, आठवतं?

तर माझं म्हणणं असं. निंब राहू दे. त्याला पार बांध, पण मातीचा भराव बुंध्याला टेकवू नकोस आणि फरशी बुंध्यापर्यंत नेऊ नकोस, चहूबाजूंनी पाच-सहा फूट जमीन उघडी ठेव. गाडीपुरते दोन पट्टे पेव्हरचे कर. बाकी आईला सारवायला नाही जमलं तरी मुरूम आणि माती राहू दे. पूर्वेला पारिजातक, गेटपाशी बहावा. एप्रिल-मेमध्ये सगळं करपलेलं असतं तेव्हा तो पिवळा होतो, आणि एकदा धरला की पाणी मागत नाही. मोगरा आणि कढीपत्ता आईच्या हाताशी, स्वयंपाकघराच्या दाराजवळ. शेतातली ठिबकची जुनी नळी पडलेली असेल, ती पुरेल. लँडस्केपवाल्याला पैसे द्यायचेच तर चर काढायचे दे. आणि पाम परत कर.

वास्तुशांत आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, करताय असं आई म्हणाली. मग झोका कुठे बांधणार? पोर्चच्या हुकाला? वहिनींच्या नणंदा, म्हणजे आम्ही दोघी, गौराईची गाणी म्हणायला पोर्चमध्ये रांगेने उभ्या राहणार का? माझी सुट्टी मंजूर झाली आहे. मी लेकीला घेऊन येतेय, आणि आखाजीचा झोका काय असतो ते तिला सांगून ठेवलंय. ती रोज विचारते, झाड किती उंच आहे? आप्पांना मोजायला सांग आणि आकडा फुटात कळव.

तुझी,
बेबी

ता. क. : आईला सांग, पापडाच्या डब्यात बामणोदच्या वांग्यांचं बी लपवून पाठवू नकोस. कागदपत्रांशिवाय बी आणता येत नाही, विमानतळावर डबा उघडला तर पापडही जातील. कढीपत्त्याचं रोपही नको. लिंबूवर्गी झाडांचा रोग पसरवणारी कीड त्यावर राहते म्हणून इथे त्याच्यावर बंधनं आहेत. भरीत मी तिथे येऊनच खाईन. वांगी भाजायला कपाशीच्या काट्या तेवढ्या जपून ठेव, गॅसवर भाजलेलं चालणार नाही.