रोलाँ गॅरोस: टेनिसपटू नव्हे, लढाऊ वैमानिक

मा. संपादक, स. न.

फ्रेंच ओपन सुरू झाली की 'महान टेनिसपटू रोलाँ गॅरोस यांच्या नावाचे स्टेडियम' असे वाक्य क्रीडापानांवर वाचायला मिळते. गॅरोस वैमानिक होता. सप्टेंबर १९१३ मध्ये फ्रान्समधील फ्रेजूस ते ट्युनिशियातील बिझेर्त असे उड्डाण करून त्याने भूमध्य समुद्र ओलांडला. तो 'स्टाद फ्रान्से' क्लबचा सभासद. १९२८ मध्ये डेव्हिस चषकासाठी स्टेडियम बांधले, तेव्हा क्लबचे अध्यक्ष एमिल लेझिए यांनी या दिवंगत मित्राच्या नावाचा आग्रह धरला. त्याला 'पहिला एस' म्हणणेही चूक. पाच विमाने पाडणारा एस. गॅरोसच्या नावावर चार आहेत.

त्याचे महत्त्व पहिल्या महायुद्धातील १ ते १८ एप्रिल १९१५ या दिवसांत आहे. त्याच्या मोरान-सॉल्निए टाइप एल विमानाला ८० अश्वशक्तीचे ल रोन इंजिन आणि दोन पात्यांचा लाकडी प्रोपेलर होता. एकट्या वैमानिकाला अचूक नेम धरायचा तर बंदूक नाकाच्या दिशेने बसवून अख्खे विमानच शत्रूवर रोखणे सोयीचे, पण मग प्रोपेलर आडवा येतो. मिनिटाला १२०० फेरे म्हणजे सेकंदाला ४० वेळा पाते नळीसमोरून जाते; दोन पात्यांमध्ये सापडतात जेमतेम २५ मिलिसेकंद. या विमानाचे एक निर्माते रेमों सॉल्निए यांनी इंजिनाच्या गतीशी बंदुकीचा चाप जोडणारी यंत्रणा युद्धापूर्वीच करून पाहिली होती. घोडे अडले ते काडतुसांपाशी. दारू एकसारखी पेटत नसे. एखादे काडतूस किंचित उशिरा उडाले की गोळी थेट पात्यात.

म्हणून तात्पुरता तोडगा निघाला: गोळी लागण्याच्या जागी पात्यांवर पोलादी पाचरी बसवायच्या. बहुतेक गोळ्या मधून निसटत, उरलेल्या पाचरीवरून बाजूला फेकल्या जात. गॅरोसचा मेकॅनिक ज्यूल ह्यू याने पाचरींचा आकार सुधारला आणि तिथे पाते अरुंद केले. त्यामुळे प्रोपेलरची ओढ घटली आणि आदळणाऱ्या प्रत्येक गोळीचा हादरा इंजिनापर्यंत जाई. तरीही या जुगाडावर गॅरोसने १, १५ आणि १८ एप्रिलला अशी तीन विमाने पाडली. श्रेय देताना सॉल्निए आणि ह्यू यांना वगळणे अन्यायाचे आहे.

१८ एप्रिललाच इंजिन बंद पडून तो जर्मनव्याप्त बेल्जियममध्ये उतरला. विमान पेटवले, पण ते पुरते जळाले नाही. बंदूक आणि पाचरी जर्मनांच्या हाती गेल्या. इथून पुढची 'जर्मनांसाठी विमाने बनवणाऱ्या फोकरने नक्कल केली' ही गोष्ट फार सोपी करून सांगितली जाते. फोकर यांच्या कारखान्याने पाचर उचलली नाही. चाप नियंत्रित करणारी यंत्रणाच बसवली, आणि तशा कल्पनेचे पेटंट जर्मनीत फ्रान्झ श्नायडर यांच्याकडे १९१३ पासून होते. १ जुलै १९१५ रोजी जर्मन वैमानिक कुर्ट विंटगेन्सने फोकर एकपंखी विमानातून अशा बंदुकीने पहिले विमान पाडले. तेही मोरानच होते.

गॅरोस फेब्रुवारी १९१८ मध्ये आन्सेल्म मार्शालसह कैदेतून निसटला आणि पुन्हा आघाडीवर गेला; चौथे विमान त्याने तेव्हा पाडले. आता त्याच्या हाती स्पाड १३ विमान होते: दुपटीहून जास्त अश्वशक्ती आणि प्रोपेलरमधून बिनधोक चालणाऱ्या दोन व्हिकर्स बंदुका. मधल्या तीन वर्षांत हवाई लढाईच बदलली होती. एकट्याने शिकार करण्याचे दिवस संपून तुकडीने उडणे आले होते. ५ ऑक्टोबर १९१८ रोजी वूझिएजवळ तो मारला गेला. दुसऱ्या दिवशी त्याला तीस वर्षे पूर्ण झाली असती.

सातारा जिल्ह्यातील अपशिंग्यासारख्या गावांनी त्याच महायुद्धात माणसे गमावली आहेत. इथल्या सैनिकी शाळेतील मुलेही आपले वृत्तपत्र वाचतात. पुढच्या स्पर्धेच्या वेळी 'वैमानिक' एवढा एक शब्द तरी बरोबर छापावा. आणि त्या युद्धातील एसबद्दल लिहायचेच असेल, तर २२ जुलै १९१८ रोजी धारातीर्थी पडलेल्या, दहा विजयांच्या भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय यांच्यावर लेख द्यावा.

– एक वाचक, सदर बझार, सातारा