उंब्रजचं तिकीट

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दर रविवारी बोलणं होतंच, तरी हे पत्र मुद्दाम लिहितेय. यातलं निम्मं बाबांसाठी आहे, आणि फोन कायम आईच्या हातात असतो.

आई, परवा तू विचारलंस, एम.एस्सी. होऊन शाळेत मदतनीस म्हणून काय राबतेस? नीट सांगते. डॅलसजवळच्या आमच्या सरकारी शाळेत एक स्पीच थेरपिस्ट बाई आहेत. ज्या मुलांना बोलायला अडचण येते त्यांची तपासणी, निदान, वर्षभरात कुठवर जायचं हे ठरवणं, सगळं त्यांच्याकडे. मी त्यांच्या हाताखाली पॅराप्रोफेशनल आहे. मुलांना वर्गातून आणायचं, बाईंनी आखून दिलेला सराव करून घ्यायचा आणि प्रत्येक प्रयत्नाची कागदावर खूण करायची. दहापैकी आठ वेळा ‘स’ नीट आला, तर आठ अधिक, दोन उणे. निदान करायचा किंवा उद्दिष्ट बदलायचा मला अधिकार नाही, आणि तो नसावाच. त्यासाठी बाईंनी वेगळं शिक्षण घेतलंय.

इथे अमेरिकेत १९७५ साली कायदा झाला की कुठलंही अपंगत्व असलेल्या मुलाला सरकारी शाळेत फुकट आणि त्याला साजेसं शिक्षण मिळालंच पाहिजे. वाचेची अडचणही त्यात धरतात. आज तीन वर्षांच्या पोरापासून तो लागू आहे. प्रत्येकाचा लेखी आराखडा असतो, त्याला आयईपी म्हणतात, आणि वर्षातून एकदा तरी आईवडिलांना बोलावून तो तपासतात. बाबा, तुमच्या शाळेत असं कुणी काही लिहून ठेवलं असतं तर, असं सारखं मनात येतं.

पहिलीत एक मुलगी आहे. तोंडाने शब्द येत नाही. तिच्याकडे चित्रांचा टॅब्लेट आहे, चित्रावर बोट ठेवलं की तो शब्द बोलतो. तिच्यासमोर दिवसभर मीच बोटं ठेवत बोलायचं, तिने मागून म्हणावं असा आग्रह धरायचा नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. लहान मूल आपलं बोलणं महिनोन्महिने ऐकतं आणि मग बोलतं, तसंच हे. तीन आठवडे मी एकटीच बडबडत होते. मग एक दिवस जेवणाच्या हॉलमध्ये गलका वाढला, तिने टॅब्लेट ओढून घेतला आणि ‘थांबवा’वर बोट ठेवलं. माझ्याकडे बघितलं, पुन्हा ठेवलं. मी तिला लगेच बाहेर नेलं. एरवी ती अशा वेळी कानांवर हात ठेवून किंचाळायची आणि सगळे म्हणायचे, हट्टी आहे.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. पाचवीत दहा वर्षांचा एक मुलगा आहे, तो अडखळतो. ‘प’वर त्याचा आवाजच बंद होतो, ओठ मिटलेले राहतात, मानेची शीर ताठ होते. एकदा कॅन्टीनच्या रांगेत मी त्याच्या मागे होते. त्याला पिझ्झा हवा होता, आदल्या तासाला मला तसं सांगितलंही होतं. पण खिडकीपाशी पोचला आणि म्हणाला, सँडविच. ताट घेऊन खाली मान घालून निघून गेला.

आणि मला पेठनाका आठवला. कराडला आत्याकडे जायला आपण एसटीत बसायचो, कंडक्टर पंच वाजवत यायचा, आणि बाबा म्हणायचे, “उंब्रज, अडीच.” दरवेळी. उतरायचो मात्र कराडला. मला वाटायचं बाबांच्या लक्षात राहत नाही. आई, तू खिडकीबाहेर बघत राहायचीस. जादा पैशांवरून एकदाही बोलली नाहीस. ‘क’ अडतो म्हणून बाबा पुढच्या गावाचं तिकीट काढायचे, हे मला त्या रांगेत, चाळिशी जवळ आल्यावर कळलं. त्या दिवशी गाडीत बसून खूप रडले.

बाबा, बाईंकडून जे शिकले ते सांगते. अडखळणं बहुतेक दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतं. ते घराण्यात चालतं, मेंदूत बोलण्याची जुळणी होते तिथला तो फरक आहे. घाबरटपणाने होत नाही, आईबापांच्या चुकीने होत नाही. आजीने तुमच्या जिभेला वेखंड आणि अक्कलकारा उगाळून लावला, मास्तरांनी छड्या मारल्या, कशाचा उपयोग झाला नाही, कारण दोष जिभेत नव्हताच. तुमच्यात तर नव्हताच नव्हता.

त्या मुलाला बाई ‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’ असं कधी म्हणत नाहीत. त्याने आणखीच लाजायला होतं. शब्द अडला तर तो न टाळता त्याच्यातून हळूच बाहेर कसं यायचं हे त्या शिकवतात, कधी मुद्दाम अडखळायला लावतात, म्हणजे धाक जातो. माझं काम समोर बसून वाट बघायचं. त्याच्या डोळ्यांकडे बघायचं, शब्द आपण पुरा करायचा नाही. सुरुवातीला मला फार जड गेलं. शब्द माझ्या ओठांवर यायचा, कारण आपल्या घरात आपण सगळे तेच करत आलो, बाबांचं वाक्य पुरं करत. प्रेमानेच केलं, आई, मला माहीत आहे. दुकानात, बँकेत, माझ्या लग्नाच्या बैठकीत तू त्यांच्या वतीने बोललीस म्हणून त्यांना कुणी हसलं नाही. पण त्यांना काय म्हणायचं होतं ते पुष्कळदा राहूनच गेलं असेल.

मागच्या महिन्यात त्या मुलाने वर्गासमोर उभं राहून सांगितलं, मी अडखळतो, मला वेळ द्या. हे सांगताना तो चार वेळा अडला. कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी रांगेत पिझ्झा मागितला. बराच वेळ लागला, पण मागितला.

रविवारी तुमच्या रात्री आठला फोन करते. आई, तू उचलू नकोस, बाबांना उचलू दे. त्यांचं झालं की तुझ्याशी बोलते, लोणच्याचं विचारायचंच आहे. बाबा, कराडच्या आत्याची तब्येत कशी आहे ते मला तुमच्याकडून ऐकायचंय. कराड म्हणूनच सांगा. सकाळभर मला दुसरं काही काम नाही.

तुमची,
ताई