माझ्या सिल्वराडोचा आवाज ज्यांनी ठरवला, त्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

घरी येऊन पाया पडले असते, पण तुम्ही पाया पडू देत नाही आणि आभार मानायला लागलं की विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. दुसरं कारण असं की, ह्यूस्टनच्या आपल्या मंडळातली निम्मी पोरं हल्ली पिकअपवाली झाली आहेत. गाडीच्या सायलेन्सरबद्दल तुम्ही मला जे सांगितलंत ते त्यांच्याही कानावर गेलेलं बरं.

माझी गाडी २०१७ची सिल्वराडो, म्हणजे शेव्हरोलेची पिकअप, ५.३ लिटरची पेट्रोल व्ही-एट, आणि बजेट जेमतेम. डोक्यात मात्र भरलं होतं ते मागून दोन्ही बाजूंनी निघणारे धुराचे दोन पाइप आणि आतलं सगळं स्टेनलेस. तयार कॅट-बॅक किटची (म्हणजे कॅट, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, त्याच्या मागचे सगळे पाइप आणि सायलेन्सर) किंमत हजार डॉलरच्या आसपास जात होती. तुम्ही भोसरीच्या वर्कशॉपात सायलेन्सर बनवण्यात उमेदीची वर्षं घालवलेली, म्हणून सहज विचारायला आले. वाटलं, कुठल्या कंपनीचं घे ते सांगाल. तुम्ही उलट मलाच विचारलंत, "पोरी, तुला ताकद हवी की आवाज?" मी म्हटलं दोन्ही. तुम्ही हसलात. मग म्हणालात, "या इंजिनाची ३५५ हॉर्सपॉवर आहे. कॅटच्या मागचं सगळं बदललंस तरी त्यात पाच-दहाची भर पडली तर पडली, आणि ती तुला जाणवणारही नाही. आवाजासाठी पैसे घालते आहेस हे एकदा मान्य कर, म्हणजे हिशोब सोपा होतो."

हिशोब खरंच सोपा झाला. दोन पाइपांचं खूळ तुम्ही पाठकोऱ्या बिलावर पेन्सिलीने दोन ओळींत उतरवलंत. तीन इंची एका पाइपाचं तोंड ७.०७ चौरस इंच, अडीच इंची दोन पाइपांचं मिळून ९.८; पण तेवढ्या जास्तीच्या जागेची गरजच नाही. माझं इंजिन मुळातल्यासारखंच राहणार, दोन्ही बाजूंचा धूर कॅटनंतर वाय आकाराच्या पाइपात एकत्र येणारच. मग पुढे पुन्हा दोन फाटे कशाला? जास्तीचा पाइप, तो टांगायला जास्तीचे हँगर, स्टेपनीला वळसा, आणि सगळ्याची मजुरी वेगळी.

तुम्ही खरे रंगलात ते आवाजाच्या घुमण्यावर, आणि मीही. ताशी ६५ मैलांना माझं इंजिन मिनिटाला सोळाशेच्या आसपास फेऱ्या मारतं. आठही सिलिंडर चालू असले तर दर फेरीला चार स्फोट, म्हणजे सेकंदाला १०७. पण हायवेवर भार कमी झाला की ही गाडी पेट्रोल वाचवायला चार सिलिंडर बंद करते. मग स्फोट निम्मे, सेकंदाला ५३. हाच तो खालच्या पट्टीतला आवाज, जो केबिनमध्ये भरून राहतो आणि डॅलसपर्यंत कपाळ धरायला लावतो. गॅरेजात उभ्या गाडीची रेस वाढवून ऐकलं तर त्याचा पत्ता लागत नाही. पार्किंगमध्ये झकास वाटणारा मफलर (म्हणजे आपला सायलेन्सर) हायवेवर छळतो तो यामुळेच.

मी ऐकलं होतं की बाजूला एक बंद तोंडाची नळी जोडली की घूम मरते. तुम्ही त्याचंही गणित मांडलंत. गरम धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ४५० मीटर धरला, तर ५३ हर्ट्झसाठी ही नळी दोन मीटरच्या वर लांब लागते. सिल्वराडोखाली ती कुठे कोंबणार? चार सिलिंडर बंद होऊच न देणारं प्लग डॅशबोर्डखाली लावता येतं, पण मग पेट्रोल जास्त जाळायचं. तुमचा निवाडा साधा होता: मोठ्या पोटाचा, लांब मफलर घे, आतून टर्बो पद्धतीचा (म्हणजे धुराला आत वळणं घ्यायला लावणारा), तीन इंची तोंडाचा, मागचा टेलपाइप कंपनीचाच राहू दे. चेरी बॉम्बसारख्या ग्लासपॅककडे, म्हणजे काचतंतू भरलेल्या सरळ नळीच्या मोठ्या आवाजाच्या मफलरकडे, माझी नजर वळली, तेव्हा तुम्ही नुसतं चष्म्यावरून पाहिलंत. तेवढं पुरलं.

धातूचाही तसाच निकाल लावलात. फ्रिजवरचा लोहचुंबक काढून गाडीखाली गेलात (या वयात! काकू रागावल्या त्या माझ्यावर) आणि मूळ पाइपाला चिकटवून दाखवलात. ४०९ स्टेनलेसला चुंबक चिकटतो, ३०४ला चिकटत नाही. ३०४ टिकतं जास्त आणि महागही पडतं. मिशिगनसारखं बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकत असते तर गोष्ट वेगळी, ह्यूस्टनमध्ये ४०९ पुष्कळ झालं.

कायद्याच्या बाजूने तुम्ही मला एकच गोष्ट तीनतीनदा बजावलीत, ती म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावायचा नाही. अमेरिकेच्या क्लीन एअर अ‍ॅक्टप्रमाणे तो काढणं बेकायदा आहे. टेक्सासने २०२५पासून खाजगी गाड्यांची सुरक्षा तपासणी बंद केली असली, तरी आपल्या ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत धुराची चाचणी चालूच आहे. मफलर असणं तर राज्याच्या कायद्यातच आहे. पुण्यात बुलेटच्या सायलेन्सरांवर पोलिसांनी रोडरोलर फिरवला त्याचा किस्सा तुम्ही इतक्या आनंदाने सांगितलात की मला वाटलं, रोलर तुम्हीच चालवत होतात.

आणि तुम्ही गॅरेजात सोबत आलात. ह्यूस्टनमधल्या स्प्रिंग ब्रँच भागातल्या त्या मेक्सिकन उस्तादाला मराठी येत नाही, तुम्हाला स्पॅनिश येत नाही, तरी अर्ध्या तासात तुमची गट्टी जमली. त्याने बेंडिंगचं मशिन दाखवलं. तुम्ही वाकवलेल्या तुकड्यावरून अंगठा फिरवलात आणि मान हलवलीत. त्या मशिनने वाकवलेला पाइप दुमडलेल्या बागेच्या नळीसारखा कोपऱ्यात चेपतो, तोंड अरुंद होतं. आपल्याला फक्त सरळ तुकडे लागणार होते, म्हणून ते चाललं. आधी बॅटरीची वायर काढायला लावलीत. मग वेल्डिंगचे नुसते टाके मारून मफलर टांगला, हाताने हलवून ड्राइव्हशाफ्टपासूनचं (चाकांकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्यापासूनचं) अंतर पाहिलंत, आणि त्यानंतर पूर्ण वेल्डिंग. शेवटी इंजिन सुरू करून टेलपाइपच्या तोंडाशी ओलं फडकं दाबून धरलंत आणि उस्तादाला जोडांवर साबणाचं पाणी सोडायला लावलंत. पुढच्या जोडावर बारीक बुडबुडे आले. त्याने निमूट पुन्हा वेल्डिंगचा टॉर्च पेटवला.

मफलर आणि मजुरी धरून तीनशे डॉलरच्या आत काम झालं. गाडी सुरू होताना आता घशातून बोलते, आणि हायवेवर मुलगी मागे झोपलेली असते. घूम अगदीच नाही असं नाही. हलक्या चढावर चार सिलिंडरांवर असताना थोडी जाणवते. तेवढी असणार हे तुम्ही आधीच सांगितलं होतं, म्हणून खटकत नाही.

उरलेल्या पैशांतून टोइंगसाठी, ट्रेलरचे ब्रेक सांभाळणारा ब्रेक कंट्रोलर घेतला. गणपतीची मखर आणि मंडप या वर्षी भाड्याच्या ट्रकने न आणता माझ्या ट्रेलरवरून आणायचा बेत आहे.

एक आगाऊपणा केलाय, रागावू नका. मंडळातल्या एका मुलाकडे फोर्डची एफ-१५० आहे, सहा सिलिंडरची, टर्बोचार्जरवाली. टर्बो आला की आवाजाचं गणित बदलतं एवढं मला कळतं, पुढचं नाही. त्याला तुमचा पत्ता दिला आहे. रविवारी सकाळी येईल. काकूंना सांगा, चुंबक त्याचा तोच आणणार आहे आणि गाडीखालीही तोच जाणार आहे.

तुमची,
सिल्वराडोवाली