काणकोणच्या खडकांजवळ एक बोर्ड लावा

मा. संपादक,

गोव्यातल्या पाळोळे बीचवर मुलं खडकांवर चढून सेल्फी काढतात, पण हा खडक 200 कोटी वर्षांहून जुना आहे आणि कधीकाळी याच्या पश्चिमेला समुद्रच नव्हता, मादागास्कर चिकटून होतं, हे त्यांना कोणी सांगतच नाही. शाळेत गोंडवनाचा, म्हणजे भारत, मादागास्कर, आफ्रिका वगैरे एकत्र असलेल्या जुन्या महाखंडाचा, नकाशा एका पानात उरकतात की झालं.

अहो, केवढी मोठी गोष्ट आहे ही! आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने 1912 साली सांगितलं की खंड सरकतात, तर भल्याभल्यांनी त्याला वेड्यात काढलं, कारण सरकवतं कोण हे त्याला नीट सांगता येईना, आणि 1930 मध्ये तो बिचारा ग्रीनलंडच्या बर्फातच वारला. समुद्राचा तळ पसरतोय हे 1960 च्या दशकात कळलं तेव्हा कुठे त्याचं म्हणणं पटलं.

मादागास्कर आपल्यापासून साधारण 9 कोटी वर्षांपूर्वी सुटलं. त्या वेळच्या लाव्हाचे खांब उडुपीजवळच्या सेंट मेरीज बेटांवर आजही उभे आहेत, कोकण रेल्वेने उडुपी आणि मलपेहून बोट, बस्स. आणि 2003 साली जगासमोर आलेला केरळच्या घाटातला जांभळा बेडूक, त्याची सगळ्यात जवळची भावकी कुठे, तर सेशेल्सला, म्हणजे एकेकाळी आपल्यालाच जोडलेल्या बेटांवर! भारत अजूनही वर्षाला पाचेक सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतोय.

पर्यटन खात्याने पाळोळेला मराठी-कोकणीत एक साधा बोर्ड लावावा, आणि शाळांनी सहल वॉटरपार्कऐवजी एकदा तरी इथे आणावी, सोबत भूगर्भशास्त्राचा एखादा कॉलेजचा सर असला तर फारच छान.

– एक वाचक, काणकोण